मागच्या आसनाचा विचार



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा नेहमीप्रमाणे मधुमेह किंवा रक्तदाब यांवर लिहावे असे मनात होते. पण गेल्या दोन वर्षांत नवागाम आणि डिंडोली परिसरातील किमान दहा-बारा जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, आणि तो औषधाचा नाही. "डॉक्टरसाहेब, वहिनींना घेऊन तुम्ही गावी मोटारसायकलवर जाता, आम्हांलाही तशी गाडी घ्यायची आहे, कोणती घ्यावी?" दवाखान्यात रुग्ण खोळंबलेले असताना या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून ते येथे सविस्तर देत आहे. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नाही. जे शिकलो ते एका चुकीतून शिकलो, आणि त्या चुकीची किंमत माझ्या पत्नीच्या मनगटाने मोजली.

आमचे गाव साक्री तालुक्यात, दहिवेलपासून आत. आपल्यापैकी अनेकांचा रस्ता तोच आहे : उधना सोडले की बारडोली, व्यारा, सोनगढ, मग अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात असलेले ते नवापूरचे स्टेशन, पुढे विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. महामार्ग उत्तम आहे; अडचण शेवटच्या काही किलोमीटरांची आहे. तेथे डांबर कधी असते, कधी नसते, आणि आषाढ-श्रावणात फरशीवरून पाणी वाहते. मोटार आमच्याकडे आहे. परंतु मळ्यापर्यंत ती जात नाही, आणि खरे सांगायचे तर मुले शिकायला बाहेर गेल्यापासून आम्हां दोघांना मोकळ्या हवेत हिंडावेसे वाटू लागले होते. माझे वडील आईला राजदूतवर मागे बसवून, पुढे टाकीवर धान्याची गोणी ठेवून याच घाटातून जात. तेव्हा कोणी त्याला साहस म्हणत नसे.

हल्ली ज्या गाड्यांना 'अ‍ॅडव्हेंचर' हे विशेषण लावतात, त्यांचा वंश फार जुना नाही. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारकडे निघालेली पहिली शर्यत आणि १९८० साली बीएमडब्ल्यूने आणलेली आर ८० जी/एस ही गाडी, ही त्यांची सुरुवात मानतात. डांबरावर शंभराच्या वेगाने आरामात जाणारी आणि वेळ आली तर ओढ्यातून निघणारी अशी ती कल्पना. आपल्याकडे हीरोने २०११ मध्ये इम्पल्स नावाची दीडशे सीसीची गाडी आणली होती. ती फार दिवस टिकली नाही. मध्यमवर्गाच्या आवाक्यात हा प्रकार खऱ्या अर्थाने आला तो २०१६ च्या हिमालयनपासून, आणि २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली तेव्हा तो आणखी स्वस्त झाला. उंच बांधा, लांब प्रवासाचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, पुढे मोठे चाक आणि सरळ बसायची ठेवण, ही या कुळाची लक्षणे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि त्यातून सहज वर येते. स्कूटरचे लहान चाक त्याच खड्ड्यात अडखळते व धक्का पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचवते.

आता माझी चूक सांगतो. पहिली गाडी मी छायाचित्र पाहून घेतली. कोणत्या कंपनीची, हे महत्त्वाचे नाही. गाडी चांगलीच होती, माझ्यासाठी नव्हती. माझी उंची पाच फूट पाच इंच. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर, एकटा बसलो असता, दोन्ही पायांचे चवडे टेकत होते आणि मला ते पुरेसे वाटले. पत्नीला मी सोबत नेलेच नव्हते. दुसऱ्याच महिन्यात घाटाच्या अलीकडे चहासाठी थांबलो, तेथून निघताना रस्त्याची कड डावीकडे उतरती होती आणि खाली बारीक खडी. ती मागे बसायला चढली, तिचे वजन क्षणभर एकाच बाजूला आले, गाडी थोडी कलली. मी पाय टेकवायला गेलो तो पाय खडीवरून घसरला. वेग शून्य होता. गाडी आडवी झाली आणि ती उजव्या हातावर पडली. रेडियसच्या खालच्या टोकाचा अस्थिभंग, ज्याला आपण कोलीस म्हणतो तोच. ती आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि नाडी पाहिल्याशिवाय औषध लिहीत नाही. सहा आठवडे तिचा तो हात प्लास्टरमध्ये होता. तिच्याकडे येणाऱ्या बायका तिच्या हाताकडे पाहत आणि मग माझ्याकडे.

तिने मला दोष दिला नाही. प्लास्टर निघाल्यावर एवढेच म्हणाली, "पुढची गाडी घ्याल तेव्हा मला विचारा. बसायचे मला आहे."

ती गाडी मी विकली आणि अभ्यासाला लागलो.

प्रथम ध्यानात आले ते हे की मोटारसायकलींची माहिती देणारी बहुतेक सर्व मंडळी एकट्या चालवणाऱ्याचा विचार करतात. अश्वशक्ती, वेग, दिसणे. दोघे बसले की गणित बदलते. मागे बसणाऱ्याचे वजन जवळजवळ सगळे मागच्या चाकावर पडते, मागचा भाग खाली बसतो, पुढचा हलका होतो, हेडलाइटचा झोत वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणावर गाडी आडमुठेपणा करते. म्हणून खरेदीपूर्वी वजनाचा काटा गाठावा, अगदी दवाखान्यातलाच. माझे ७८ किलो, पत्नीचे ६६, दोन हेल्मेट, जाकिटे व बूट मिळून सात-आठ, सामान वीस. झाले १७२ किलो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत कमाल एकूण वजन आणि टाकी भरलेल्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे गाडी वाहू शकेल तो भार. तुमची बेरीज त्याच्या आत बसली पाहिजे, काठावर नव्हे. आपल्यातील सुखवस्तू मंडळींनी हे गणित विशेष प्रामाणिकपणे करावे.

दुसरी गोष्ट आसनाच्या उंचीची. थांबलेली गाडी कलू लागली की ती तोलून धरायला लागणारा जोर झुकाव वाढेल तसा वाढतो. सुरुवातीचे चार-पाच अंश कोणीही पेलतो, झुकाव दुप्पट झाला की भारही दुप्पट होतो आणि मागे माणूस असेल तर तो भार उंचावर असतो. त्यामुळे चवडे नव्हे, तर निदान एक तळवा पूर्ण टेकणे ही दुकट्यांच्या गाडीची पहिली अट. उंची आपली पाच फूट दहा इंच असेल तर हा परिच्छेद सोडून द्यावा. पण आपल्या खानदेशी बांध्याच्या बहुतेकांना तो लागू आहे. हिमालयन ४११ चे आसन ८०० मिलिमीटर उंच आहे, यझदी अ‍ॅडव्हेंचरचे ८१५, एक्सपल्स २०० चे ८२३, एक्सपल्स २१० चे ८३०, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे ८३५. नव्या हिमालयन ४५० चे ८२५ ते ८४५ असे बदलता येते. पस्तीस मिलिमीटर म्हणजे फार काय, असे वाटेल. मलाही वाटले होते.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या ओढीची. जाहिरातीत अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत छापतात. घाटात दोघांना वर नेते ती ओढ, म्हणजे टॉर्क, आणि ती किती फेऱ्यांवर मिळते हे अधिक महत्त्वाचे. व्ही-स्ट्रॉम एसएक्सला २२.२ न्यूटन-मीटर मिळतात ते ७३०० फेऱ्यांवर. एक्सपल्स २०० च्या चार झडपांच्या आवृत्तीला १७.३५, तेही ६५०० वर. जुन्या हिमालयनची अश्वशक्ती या दोघींहून फार वेगळी नाही, चोवीसच्या आसपास. पण तिचे ३२ न्यूटन-मीटर ४००० ते ४५०० फेऱ्यांवरच हाती येतात. कोंडाईबारीत ट्रकच्या मागे अडकल्यावर याचा अर्थ कळतो. एक गाडी तक्रार न करता तिसऱ्या गियरमध्ये वर जाते, दुसरीला गियर उतरवून ओरडायला लावावे लागते. एकटा तरुण असेल तर त्या ओरडण्यात त्याला आनंदच आहे. २०२३ च्या अखेरीस आलेली हिमालयन ४५० दोन्ही बाबतींत सरस आहे : ४० अश्वशक्ती आणि ५५०० फेऱ्यांवर ४० न्यूटन-मीटर. पण तिची किंमत तीन लाखांच्या वर जाते, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. परवडणारी गाडी शोधणाऱ्याने ही रेघ लक्षात ठेवावी.

आणि आता मूळ विषय, मागचे आसन. येथे डॉक्टर म्हणून थोडे बोलतो.

बसलेल्या माणसाच्या कण्याला उभ्या दिशेचे जे हादरे सर्वाधिक झोंबतात, ते सेकंदाला सुमारे चार ते आठ आवर्तनांचे. खराब रस्त्यावरची गाडी नेमके तेच देते. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. तो नकळत हात ताठ करतो, पायांवर भार घेतो, पाठीचे स्नायू सज्ज ठेवतो. मागे बसलेल्याला समोर फक्त एक हेल्मेट दिसते. धक्का त्याला शिथिल अवस्थेत गाठतो. तेव्हा एकाच गाडीवर, एकाच खड्ड्यात, मागच्या माणसाच्या कमरेचे नुकसान अधिक. माझ्या पत्नीला एल-४, एल-५ मध्ये जुनी तक्रार आहे. मी तिला जेवढा धीम्या गतीने नेतो तेवढी ती पुढचे दोन दिवस बरी असते, हा माझा अनुभवसिद्ध नियम आहे. ज्यांना अस्थिक्षयाचे निदान झाले आहे, ज्या स्त्रिया गर्भवती आहेत किंवा ज्यांचा पाय बधिर होतो, त्यांनी हा छंद करू नये, हे मी स्पष्ट सांगतो, मग गाडी कोणतीही असो.

आसन पाहताना लांबी-रुंदीइतकेच पायदानाचे अंतर पाहावे. पायदान आसनाच्या फार जवळ असेल तर गुडघे छातीकडे येतात, कंबर मागे गोल होते आणि चकतीवरचा दाब वाढतो. अर्ध्या तासात उतरावेसे वाटते. मांड्या जवळजवळ आडव्या आणि गुडघे काटकोनाहून थोडे अधिक उघडे राहतील अशी ठेवण चांगली. पकडायला मागे भक्कम दांडा हवा. सायलेन्सर पोटरीजवळून जात असेल तर त्यावर जाळी हवी. उजव्या पोटरीवर आतल्या बाजूने भाजलेले रुग्ण आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

साडीगार्ड या शब्दाला तरुण मुले हसतात आणि गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात ते काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, पायदान आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण ही तिन्ही आवश्यक आहेत, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. ओढणी चाकात गुंतून गळ्याला फास बसल्याची घटना ज्याने एकदा आकस्मिक विभागात पाहिली आहे, तो हसणार नाही. अशा उंच गाडीवर एका बाजूला पाय टाकून बसणेही नको. सगळे वजन एका कुशीला जाते. आमच्या घरी यावर थोडी चर्चा झाली. पत्नी आता प्रवासात पँट आणि बंद बूट घालते. पहिल्यांदा तशी गावी उतरली तेव्हा ओट्यावर बसलेल्या आमच्या चुलतीने विचारले, "काय वं माय, पँट घालीसन उनी तू?" त्यावर पत्नीने तिला प्लास्टरची गोष्ट सांगितली. चुलतीने पुढे प्रश्न विचारला नाही, उलट पुढच्या खेपेला स्वतःच गाडीवरून मळ्यात न्यायला सांगितले.

हेल्मेटविषयी वाद नको. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. दोन लाखांची गाडी घेऊन मागच्यासाठी चारशे रुपयांचे टोपडे घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट विकण्यास बंदी आहे. दोघांनाही पूर्ण चेहरा झाकणारे आणि मापाचे घ्यावे. मागच्याचे हेल्मेट सैल असेल तर प्रत्येक ब्रेकला तुमच्या डोक्यावर टकटक होत राहते, हा त्याचा वेगळा त्रास.

इतके सगळे मांडल्यावर आम्ही दोघे मिळून गाड्या पाहायला निघालो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार नुसते रूप पाहत नाही. दात बघतो, चाल बघतो, स्वतः बसून फेरी मारतो. आम्ही तसेच केले. चाचणी फेरीला दोघेही बसणार, असे सांगितल्यावर काही ठिकाणी कपाळाला आठ्या पडल्या, पण कोणी नाही म्हणाले नाही. फेरीत वेग आम्ही पाहिलाच नाही. उतारावर थांबायचे, तिने उतरायचे, पुन्हा चढायचे. अरुंद रस्त्यात वळून माघारी यायचे. गतिरोधक दहाच्या वेगाने आणि मग वीसच्या वेगाने. पंधरा मिनिटांत गाडीचे गुणदोष कळतात. प्रत्येक फेरीनंतर मी काही न बोलता आधी तिचे मत विचारत असे.

व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे मागचे आसन तिला सर्वांत आवडले आणि हायवेवर ती गाडी खरोखर गुळगुळीत चालते. १६७ किलो वजन हलकेच म्हणायचे, किंमत दोन लाखांच्या आसपास. ज्यांना उंचीची अडचण नाही आणि ज्यांचा प्रवास मुख्यतः डांबरी आहे, म्हणजे सापुतारा किंवा वणीच्या गडापर्यंत, त्यांनी नवी गाडी घ्यायची तर तीच घ्यावी असे माझे मत आहे. मला तिच्यावर पुन्हा चवड्यांवर उभे राहावे लागत होते. एक्सपल्स स्वस्त, हलकी आणि वाईट रस्त्यावर अतिशय चपळ; पण आमच्या दोघांच्या वजनाला तिची ओढ अपुरी वाटली आणि मागचे आसन अरुंद. एकट्याने तोरणमाळच्या घाटात हिंडणाऱ्याला तिच्यासारखी दुसरी नाही. यझदी माझ्या भाच्याला आवडली. आमच्या हाती तिची फेरी फार थोडी आली, म्हणून मत देत नाही.

शेवटी आम्ही घेतली ती जुनी हिमालयन ४११, वापरलेली, नव्या व्ही-स्ट्रॉमपेक्षा बऱ्याच कमी किमतीत. तिचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले, त्यामुळे ती आता वापरलेलीच मिळते. पण सुटे भाग मिळतात आणि उधन्यात तिच्यावर हात बसलेले मिस्त्री आहेत. तिचे दोष लपवत नाही. १९९ किलो वजन ढकलताना जाणवते, ब्रेक जोराने दाबावे लागतात, शंभरच्या पुढे तिला घाई आवडत नाही. परंतु पंधरा लिटरची टाकी, पुढचे एकवीस इंची चाक, पुढे २०० व मागे १८० मिलिमीटर चालणारे सस्पेन्शन, खालपासूनची ओढ आणि माझे टेकणारे पाय, हे सर्व एकत्र त्या किमतीत दुसरीकडे मिळाले नाही. दोघे बसून लिटरला अठ्ठावीस-तीस किलोमीटर देते.

वापरलेली गाडी घेताना एप्रिल २०१९ नंतरची पाहावी. तेव्हापासून १२५ सीसीच्या वरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. आपल्याकडे नंदुरबार-धुळ्याकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून एमएच-३९ किंवा एमएच-१८ क्रमांकाची आणण्याचा मोह होतो. आणा, पण तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणि हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी येथे राहणार असेल तर गुजरातचा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. तो खर्च धरला की स्वस्ताई पुष्कळदा उरत नाही.

विम्याचा एक मुद्दा फारच थोड्यांना ठाऊक असतो. २०१८ पासून जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, तो मालक-चालकाचा. मागे बसणाऱ्याचा त्यात समावेश नाही. केवळ कायद्यापुरत्या त्रयस्थ विम्यात मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला आहे. सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी आणि मागे बसणाऱ्यासाठीचे वेगळे कलम पैसे भरून जोडून घ्यावे. रक्कम किरकोळ असते. एजंट स्वतःहून सांगत नाही.

गाडी आल्यावरही दोन कामे दर प्रवासाआधी करावी लागतात. मागच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा प्रीलोड पाना लावून वाढवणे आणि मागच्या टायरमध्ये दोघांसाठी सांगितलेला हवेचा दाब भरणे. तो आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा. सामान मागे उंच पेटीत न भरता दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि सारखे वाटून. पाठ टेकायला म्हणून पेटी लावली आहे, पण तिच्यात आम्ही फक्त पावसाळी कपडे ठेवतो.

चढण्याची पद्धत आता ठरलेली आहे. जागा सपाट, खडी नसलेली. मी बसतो, दोन्ही पाय टेकतो, पुढचा ब्रेक धरतो आणि "हं" म्हणतो. मगच ती डावा हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवून, डावा पाय पायदानावर देऊन चढते. उतरतानाही "हं" ऐकल्याशिवाय हलत नाही. वाटेत बोलणे ऐकू येत नाही म्हणून खुणा आहेत : खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. साधारण पाऊण तासाने ती दोन थापा देतेच, मी कारण विचारत नाही. व्याऱ्याच्या पुढे एक चहाची टपरी आहे, समोर सपाट सिमेंटची जागा असलेली; तिने ती मुद्दाम शोधून ठेवली आहे.

मनगट आता पूर्ण बरे आहे. थंडीत थोडे दुखते, तेव्हा ती नाडी डाव्या हाताने पाहते.